रोज कॉलेजला आणि सुट्टीत मेळघाटात, दोन्हीकडे चालेल अशी सुट्या कप्प्यांची सॅक तालुक्यातच शिवून मिळेल का?

मिळेल. फक्त शर्ट-पँटच्या टेलरकडे नेऊ नका भाऊ, गाड्यांचे सीटकव्हर शिवणाऱ्याकडे जा. पट्ट्यांचे चार थर त्याच्याच मशीनखालून निघतात.

मूळ सॅक २० ते २५ लिटरची, साधी ठेवा. खरी करामत बाहेरच्या पट्ट्यांची. फौजी सॅकवर असते तशी मांडणी सांगा: १ इंची नायलॉन पट्ट्या आडव्या, दोन ओळींत १ इंच जागा, आणि दर दीड इंचावर उभी पक्की शिलाई. त्यात डब्याचा, बाटलीचा कप्पा त्याच्या पाठीला शिवलेल्या पट्टीने ओवायचा. कॉलेजच्या दिवशी काढून घरी. खडूने आखून घेतल्याशिवाय शिवू देऊ नका, ओळ सरकली की कप्पा तिरपा लोंबतो.

रेक्झिन तो आग्रहाने दाखवेल. नको! जड असतं अन् आपल्या मे महिन्याच्या उन्हात तडकतं. जाड नायलॉन घ्या, कोटिंगची, म्हणजे पाणी अडवणाऱ्या लेपाची, बाजू आत. दोरा पॉलिस्टरचा, चेन ८ किंवा १० नंबरची.

कमरपट्टा सुटा करून घ्या, चिखलदऱ्याच्या चढावर खांद्यांना आराम पडतो. पावसाळ्यात रेनकव्हर लागेलच, सुईच्या छिद्रांतून पाणी झिरपतं.