लिनक्समध्ये ‘मिनिमल डेस्कटॉप’ म्हणजे नेमकं काय धरायचं?

तुम्ही विचारलंय की जुन्या पीसींवर डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) आणि एक्सएफसीई (हलका डेस्कटॉप) ‘मिनिमल’, म्हणजे कमीत कमी पॅकेजेसमध्ये, बसवायचं तर कोणती पॅकेजेस ठेवायची, कोणती गाळायची आणि याची काही ठरलेली व्याख्या आहे का.

ठरलेली व्याख्या नाही. उबुंटू या लिनक्सने २०१८ मध्ये १८.०४ सोबत मिनिमलचा पर्याय दिला, तेव्हा ग्नोम हा डेस्कटॉप आणि ब्राउझर तसेच ठेवून लिब्रेऑफिस, थंडरबर्ड आणि गेम वगळले होते. डेबियनमध्ये केडीई या एकाच डेस्कटॉपच्या तीन पायऱ्या आहेत: केडीई-प्लाझ्मा-डेस्कटॉप, केडीई-स्टँडर्ड आणि केडीई-फुल. प्रत्येकाने रेघ वेगळ्या ठिकाणी ओढलीय, म्हणून ती तुम्हालाच ओढावी लागणार.

मी ती आधी चुकीच्या जागी ओढली होती. सोलापुरात आमच्या भागातल्या एका अभ्यासिकेत सहा जुने पीसी होते, प्रत्येकी २ जीबी रॅमचे. स्पर्धा परीक्षेची मुलं तिथे फॉर्म भरायला आणि हॉलतिकीट काढायला येतात. पॅकेजेस जितकी कमी तितकं चांगलं, असं धरून मी एपीटीला (डेबियनचं पॅकेज बसवणारं साधन) ‘नो-इन्स्टॉल-रेकमेंड्स’, म्हणजे नुसती शिफारस असलेली पॅकेजेस टाळण्याचा, पर्याय देऊन एक्सएफसीई४ बसवलं. पहिला धक्का लगेच बसला. डेबियनमध्ये एक्सएफसीई४ हे पॅकेज झॉर्गला फक्त ‘रेकमेंड’ करतं, त्यामुळे डेस्कटॉप आला पण तो पडद्यावर आणणारा सर्व्हरच आला नाही. झॉर्ग हा सर्व्हर आणि लाइटडीएम ही लॉगिनची खिडकी वेगळे टाकले, मशीन सुरू झालं आणि मी समाधानाने घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी एका मुलीने पेन ड्राइव्ह लावला, तर थुनार या फाइल मॅनेजरमध्ये काहीच दिसेना. पेन ड्राइव्ह ओळखून जोडणारी जीव्हीएफएस, यूडिस्क्स२ आणि थुनार-व्होल्मन ही पॅकेजेस आलीच नव्हती, कारण थुनार त्यांनाही फक्त रेकमेंड करतं. ब्राउझरमध्ये भरतीची मराठी जाहिरात उघडली, तर अक्षरांच्या जागी चौकोन. सोबत आलेल्या डेजाव्हू फाँटमध्ये देवनागरी नाही, लोहित-देवनागरी वेगळा टाकावा लागतो. वायफायचं चिन्ह नाही, प्रिंटर नाही. फॉर्मची शेवटची तारीख जवळ आलेल्या मुलांना मी अडवून ठेवलं होतं, याचं मला फार वाईट वाटलं.

‘डिपेंड्स’ म्हणजे ज्याच्याशिवाय प्रोग्रॅम चालतच नाही ते. ‘रेकमेंड्स’ म्हणजे नेहमीच्या वापरात जे असायलाच हवं ते. ‘सजेस्ट्स’ म्हणजे असलं तर बरं. सरसकट रेकमेंड्स बंद केले की प्रोग्रॅम चालतो, माणसाचं काम मात्र अडतं. माझी रेघ आता अशी आहे: नव्या खात्यात पहिल्यांदा बसलेल्या माणसाला टर्मिनल न उघडता आपलं काम पुरं करता आलं पाहिजे. ते होईल इतकी पॅकेजेस म्हणजे मिनिमल. सोलापुरातल्या अभ्यासिकेच्या मिनिमलमध्ये मराठी फाँट आणि मराठी टायपिंग येणारच. दुसऱ्या देशातल्या कुणाच्या यादीत ते नसेल आणि त्याची यादीही बरोबरच असेल.

आणखी एक गैरसमज इथे दूर करतो, कारण बरेच जण याच्यापायीच नको ते गाळतात. डिस्कवर नुसतं पडून असलेलं लिब्रेऑफिस रॅम खात नाही. रॅम खातं ते लॉगिनसोबत आपोआप सुरू होणारं. त्यामुळे मशीन हलकं करायचं असेल तर आधी ‘सेशन अँड स्टार्टअप’मधली यादी आणि चालू सर्व्हिसेस बघा. पॅकेजेसचा आकडा नंतर. तुमच्या पीसींमध्ये जुनी हार्ड डिस्क असेल तर एसएसडीने जो फरक पडतो, तो दहा-वीस पॅकेजेस काढून पडणार नाही.

यादी ठरली की ती डोक्यात किंवा वहीत ठेवू नका. डेबियनमध्ये इक्विव्ह्ज नावाचं साधन आहे, त्याने स्वतःचं मेटापॅकेज, म्हणजे फक्त दुसऱ्या पॅकेजेसची यादी असलेलं पॅकेज, बनवा. आमच्या मेटापॅकेजच्या ‘डिपेंड्स’मध्ये झॉर्ग, लाइटडीएम, एक्सएफसीई४, जीव्हीएफएस, थुनार-व्होल्मन, नेटवर्क मॅनेजरचं अॅपलेट, फायरफॉक्स ईएसआर, पीडीएफ वाचक, प्रिंटिंगसाठी कप्स, लोहित फाँट आणि मराठी टायपिंगसाठी आयबस-एम१७एन आहेत. सातवा पीसी आला तर हे एकच पॅकेज टाकायचं. पुढे त्यातली एखादी गोष्ट नकोशी झाली तर ‘डिपेंड्स’मधून काढून मेटापॅकेजची नवी आवृत्ती टाका, मग ती हाताने वेगळी टाकलेली नसेल आणि दुसरं कुठलं पॅकेज तिला मागत किंवा सुचवत नसेल, तर ऑटोरिमूव्ह (नको झालेली पॅकेजेस काढणारी एपीटीची आज्ञा) चालवल्यावर ती निघते. सहाही पीसींवर चालवण्याआधी एका व्हर्च्युअल मशीनवर नवं खातं उघडून पेन ड्राइव्ह, प्रिंट आणि मराठी टायपिंग या तीन गोष्टी तपासा.