मुलीची फी २०२८ला, पॉलिसीचे पैसे २०३६ला

नाशिकच्या एका वाचक ताईंचं पत्र आहे. वय ४२. २०१३पासून घरून मेडिकल ट्रान्स्क्रिप्शन करतात. कानाला हेडफोन, पायाखाली पेडल आणि अमेरिकेतल्या डॉक्टरांनी बोलून ठेवलेल्या नोंदी, त्या ऐकून टाइप करायच्या. हल्ली मसुदा आधी मशीन लिहितं, ताई तो ऐकून दुरुस्त करतात. काम मनापासून आवडतं. त्या लिहितात, "परवा मशीनच्या मसुद्यात ‘सेलेक्सा’ आलं होतं. पेशंट सांधेदुखीचा, मग नैराश्याची गोळी कशाला? तीनदा ऐकलं. डॉक्टर ‘सेलेब्रेक्स’ म्हणत होते. असं काही सापडलं की दिवस छान जातो." पण पैसे घटलेत. पूर्ण टायपिंगला ओळीमागे १ रुपया २० पैसे मिळायचे, आता मशीनचा मसुदा दुरुस्त करायला ६५ पैसे. एक इन्स्टिट्यूट ८५ हजारांत मेडिकल कोडिंग (आजार-उपचारांना बिलासाठी ठरावीक कोड देण्याचं काम) शिकवून ‘हमखास नोकरी’ देणार म्हणते, फी हप्त्यांनी. कोर्स करू का, एवढंच त्यांनी विचारलंय.

शेवटी एक ओळ आहे: "मुलीच्या शिक्षणाची चिंता नाही, तिच्या नावाने पॉलिसी आहे."

आधी प्रश्नाचं उत्तर. कोर्स करू नका. हमखास नोकरीची हमी करारावर लेखी मागा, मग बघा काय होतं. कोडिंगमध्ये किंमत आहे ती सीपीसी (सर्टिफाइड प्रोफेशनल कोडर) सारख्या परीक्षेला, इन्स्टिट्यूटच्या सर्टिफिकेटला नाही. परीक्षेची फी त्या ८५ हजारांत आहे का, हेही विचारा. पास झालात तरी अनुभव नसल्याने नावापुढे आधी ‘अप्रेंटिस’च लागतं, आणि नवख्याला घरून काम क्वचितच देतात. तेरा वर्षांचा अनुभव सोडून तुम्ही शून्यावर याल, तेही डोक्यावर हप्ता घेऊन.

मात्र आहे ते काम असंच चालेल, अशी आशाही नको. पूर्वी ३२ हजारांचं बिल व्हायला महिन्याला २७ हजार ओळी लागायच्या. आता ४१ हजार ओळी काढून बिल होतं २६ हजार ७००चं. मायक्रोसॉफ्टने २०२२मध्ये सुमारे २० अब्ज डॉलर मोजून न्युआन्स ही बोलणं ओळखणारी सॉफ्टवेअर कंपनी घेतली, ती काही हौसेखातर नव्हे. डॉक्टर-पेशंटचं बोलणं ऐकून मशीनने थेट नोंद लिहावी, हीच सगळी धडपड आहे. तुमचा सेलेब्रेक्स ओळखणारा कान अजून विकला जातो, पण तो क्वालिटी तपासणीत. तुमच्याच कंपनीत क्यूएची, म्हणजे या तपासणीची, जागा मागा. काम आवडतंय ना, मग करत राहा. फक्त घरचं गणित मांडताना हे उत्पन्न महिना २० हजारच धरा.

आता त्या शेवटच्या ओळीकडे येतो. पॉलिसीचा फोटो पाठवलात ते बरं केलंत. २०१६ साली, मुलगी पाच वर्षांची असताना घेतलेली. मुदत २० वर्षं, हप्ता वर्षाला ९६ हजार, विमा रक्कम १८ लाख. एजंट म्हणाला, ३८ लाख मिळतील.

पहिली गंमत म्हणजे विमा मुलीच्या आयुष्याचा आहे. तिच्या कमाईवर घरात कोण जगतंय? तुमच्या यजमानांवर १५ लाखांचं गृहकर्ज आहे, त्यांचा टर्म विमा (मुदतीत मृत्यू झाला तरच घरच्यांना पैसे देणारा साधा विमा) नाही, तुमचाही नाही. उद्या तुमच्या दोघांचं बरंवाईट झालं तर हप्ता माफ होईल असा रायडर, म्हणजे जोडकलमही कागदावर दिसत नाही.

दुसरी गंमत तारखेची. मुलगी आता दहावीत, म्हणजे बारावी २०२८ला. पॉलिसी पिकणार २०३६ला, मुलगी पंचविशीत असताना. याला वरातीमागून घोडं म्हणतात. ‘शिक्षणासाठी’ म्हणून पॉलिसी विकताना एजंटला बोटांवर वर्षं मोजता आली नाहीत, की त्याने मुद्दाम मोजली नाहीत, हे तुम्हीच ठरवा.

आणि ते ३८ लाख? बोनस आजच्यासारखाच राहिला तर ३३-३४ लाख धरा, म्हणजे वर्षाला पाच टक्क्यांच्या आसपास. तेव्हाच सुकन्या समृद्धीचं खातं काढलं असतं तर आज ८.२ टक्के मिळाले असते. आता ते खातं निघत नाही, मुलगी दहा वर्षांच्या आत असावी लागते.

मग पॉलिसी मोडायची का? रागाच्या भरात नको. दहा हप्ते, ९ लाख ६० हजार भरून झालेत. शाखेत जाऊन दोन आकडे लेखी घ्या: आजची सरेंडर व्हॅल्यू, म्हणजे पॉलिसी मोडल्यास हातात येणारी रक्कम, आणि पेड-अप केल्यास, म्हणजे पुढचे हप्ते न भरता पॉलिसी तशीच ठेवल्यास, २०३६ला मिळणारी रक्कम. एजंटला फोन करू नका, तो चहाला येईल. माझा अंदाज, सरेंडरला सात लाखांच्या आसपास मिळतील, पेड-अपला १६-१७ लाख. तसं असेल तर पेड-अप करा आणि हप्ता थांबवा. उरलेले दहा हप्ते पीपीएफमध्ये ७.१ टक्क्यांनी गेले असं धरलं, तर त्यांचे १४ लाख होतात. सगळं मिळून ३१, म्हणजे कागदावर दोन-तीन लाखांचा तोटा. पण महिना आठ हजार आजपासून हातात राहतात, आणि तुम्हाला पैसे २०२८ला हवेत. शाखा साडेनऊच्या वर सरेंडर देत असेल, तर मात्र सरळ मोडा.

तुमच्या पत्रात आणखी एक वाक्य आहे, "दहा टक्के टीडीएस कापून २४ हजार येतात, रिटर्न भरत नाही कारण कर लागतच नाही." अहो, कर लागत नाही म्हणूनच भरायचं! वर्षाचं उत्पन्न ३ लाख २० हजार, नव्या करप्रणालीत ४ लाखांपर्यंत कर नाही. कापलेले ३२ हजार दरवर्षी सरकारकडे पडून राहतात. या वर्षीचं रिटर्न मुदतीत भरा. मागच्या पाच वर्षांच्या परताव्यासाठी विलंब माफीचा अर्ज करता येतो, तो सीएकडून करून घ्या. मंजुरी हमखास नाही, पण दीड लाखाचा प्रश्न आहे.

शिवाय रिटर्न नसेल तर तुमचं उत्पन्न विमा कंपनीला पटवणं अवघड जातं, टर्म विमा मिळणं कठीण होतं. म्हणून क्रम असा ठेवा. यजमानांचा ७५ लाखांचा टर्म विमा ताबडतोब. त्याच आठवड्यात कुटुंबाचा दहा लाखांचा मेडिक्लेम, कारण त्यांच्या कंपनीचा तीन लाखांचा मेडिक्लेम नोकरीबरोबर जाईल आणि तुम्ही पगारी नसून ‘कन्सल्टंट’ असल्याने तुमच्या कंपनीकडून काहीच नाही. सप्टेंबर २०२५पासून या दोन्हींवरचा जीएसटी गेलाय, तेवढं स्वस्त पडेल. मेडिक्लेमचा हप्ता दरवर्षीच्या टीडीएस परताव्यातून निघेल. दोन्ही पॉलिसी हातात पडल्या की मग पेड-अपचा अर्ज, आणि तुमचा टर्म विमा रिटर्न भरल्यावर. सुटलेल्या आठ हजारांतून यजमानांच्या टर्मचे महिना दीड-दोन हजार जातील. बाकीचे सहा हजार बँकेच्या आरडीत टाका, शेअर बाजारात नाही. दोन वर्षांत दीड लाख जमतील. इंजिनिअरिंगला ते पुरणार नाहीत, पण पहिल्या वर्षाच्या फीला हातभार लागेल. बाकीच्यासाठी २०२८ला पेड-अप पॉलिसीवर कर्ज काढता येतं का आणि किती व्याजाने, हेही शाखेत त्याच फेरीत विचारून घ्या.