गेम खेळून पोट कमी होतं का हो?

प्रश्न: मुलासाठी निन्टेन्डो स्विच (गेम खेळायचं मशीन) घेतला होता, त्याच्यावर आता मीच रिंग फिट हा व्यायामाचा गेम खेळत बसतो. तीन आठवडे झाले, रोज अर्धा तास, घाम पण मस्त निघतो, पण वजनकाटा काही हलायला तयार नाही. बायको म्हणते ही पोरखेळं सोडा आणि सरळ चालायला जा. खरंच उपयोग होतो का, की पैसे पाण्यात?

उत्तर: पैसे पाण्यात नाही गेले, पण काट्याची एवढी घाई नको. साधा हिशोब करा, एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी, आणि अर्ध्या तासात तुमच्या १५० जळतात असं धरलं तरी एका किलोला पन्नासेक दिवस लागतात, तेही घाम गाळला म्हणून जेवताना दोन घास जास्त गेले नाहीत तरच! (ते जातातच, माझे तरी जातात.)

दुसरं म्हणजे तुमचा अर्धा तास खरा किती ते बघा. खेळून झालं की स्क्रीनवर हालचालीचा वेळ वेगळा दाखवतात, तो बऱ्याचदा पंधरा-वीस मिनिटंच निघतो, बाकीचा मेनू, गोष्ट आणि गेममधल्या त्या राक्षसाच्या बडबडीत जातो. आठवड्याला निदान १५० मिनिटं व्यायाम असं डब्ल्यूएचओ म्हणतं ना, त्यात फक्त तो आकडा धरायचा.

आणि गेम-गेममध्ये पण फरक असतो. २००६ च्या वी स्पोर्ट्समध्ये (हातातला रिमोट हलवून खेळायचा निन्टेन्डोचाच जुना गेम) सोफ्यावर बसून मनगट झटकलं तरी टेनिसचा शॉट बसायचा, म्हणजे जिंकलात पण व्यायाम शून्य. त्यातलंच बॉक्सिंग मात्र दमवायचं, तरी खऱ्या बॉक्सिंगएवढं नाहीच. तुमच्या गेममध्ये हातातली रिंग खरोखर दाबावी लागते, मांडीला पट्टा असतो, स्क्वॉट्स अर्धवट केले तर कळतं, त्यामुळे लबाडीला जागा कमी, नाही असं नाही. सोपं वाटायला लागलं की सेटिंगमध्ये जाऊन डिफिकल्टी वाढवा, बरेच लोक पहिल्याच लेव्हलवर महिनोनमहिने काढतात आणि मग म्हणतात फरक पडत नाही.

माझी खरी शंका वेगळीच आहे, कंटाळा. २०१६ मध्ये पोकेमॉन गो हा फोन घेऊन बाहेर फिरत खेळायचा गेम आला तेव्हा अमेरिकेतल्या खेळाडूंची पावलं मोजली होती, पहिल्या आठवड्यात रोजची साडेनऊशेच्या आसपास वाढली आणि सहाव्या आठवड्यापर्यंत गाडी परत मूळ पदावर. तुमचे आत्ता तीन झालेत. म्हणून नवलाई ओसरायच्या आतच आठवड्यातले दोन-तीन दिवस बायकोबरोबर चालायला जायला लागा, उरलेल्या दिवशी राक्षस आहेच. आणि काट्यापेक्षा जिना चढताना दम किती लागतो ते बघत जा, तिथे फरक आधी कळतो.