कथेचा पहिला खर्डा शेवटापर्यंत लिहून झाला, पण तो कचरा वाटतोय आणि सगळी पात्रं एकसारखी बोलतात. पुन्हा पहिल्यापासून लिहू का?

नको. कथा शेवटापर्यंत गेली आहे असं तुम्हीच लिहिलंय, म्हणजे अवघड काम उरकलं. पहिल्या खर्ड्यात पात्रांना वाट्टेल तेवढं बडबडू द्यावं, ती कोण आहेत हे आपल्याला तिथेच कळतं. आता महिनाभर त्याकडे बघू नका. (दिवाळी अंकाची मुदत डोक्यावर असेल तर आठवडाभर तरी.)

खरी अडचण संवादांची दिसते. नव्या लेखकाची पात्रं बऱ्याचदा एकमेकांशी न बोलता वाचकाशी बोलतात. उदाहरणार्थ:

"दादा, बाबांना जाऊन दोन वर्षं झाली. आता आपल्या तीन एकरांची वाटणी करायला हवी."

दादाला हे ठाऊक नाही का? बाप त्याचाही होता! आता असं बघा:

"मोजणीवाले मंगळवारी येतायत."
"जेवलास का?"
"दादा, मंगळवारी."
"वहिनीनं भरली वांगी केलीत. बस."

वाटणीचं नाव कुणी काढलं नाही, तरी कोण रेटतंय आणि कोण टाळतंय ते कळलं. एकर, वर्षं वगैरे लागलीच तर निवेदनात एका ओळीत सांगून टाका.

आपल्याकडे अरे-अहो, तू-तुम्ही यांतून निम्मं नातं आयतं मिळतं, ते वापरा. एरवी दादाला अरेतुरे करणारा धाकटा एकदम "तुम्हीच ठरवा काय ते" म्हणाला, की पुढे 'तो संतापून म्हणाला' लिहायची गरज नाही. तसंही 'म्हणाला' पुरतं. 'उद्गारला', 'गरजला' हे मला तरी नाटकी वाटतं.

बोलीचा मोह होईल. पण 'ण'चा 'न' केला म्हणून कुणी खेड्यातलं होत नाही. उद्धव शेळके यांची 'धग' (1960) ही कादंबरी वाचा, तिथली माणसं वऱ्हाडी बोलतात म्हणजे काय ते दिसेल. जी बोली कानावर पडलेली नाही तिच्या वाटेला जाऊ नका, सरळ प्रमाण मराठीत लिहा.

दुसऱ्या खर्ड्यात प्रत्येक संवादाच्या पहिल्या आणि शेवटच्या दोन ओळी झाकून वाचा. "काय, कसं काय?" आणि "बरं, येतो मग" बहुतेक वेळा तिथेच गळतात. मग बोलणाऱ्यांची नावं खोडून ती पानं कुणाला तरी मोठ्याने वाचायला द्या. कोण बोलतंय हे जिथे ओळखू येणार नाही, ती पानं आधी दुरुस्त करायला घ्या.