‘म्नॉ’च्या दारात

प्रश्न : लेकीकडे डब्लिनला गेलो होतो. हॉटेलात स्वच्छतागृहाच्या दोन दारांवर एक शब्द ‘एम’ने सुरू होणारा, दुसरा ‘एफ’ने. ‘एम’ म्हणजे मेल समजून शिरलो, तर आत बायका! हा काय प्रकार? – एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : काका, असे फसणारे तुम्ही पहिले नाही. आयर्लंडच्या आयरिश भाषेत ‘म्नॉ’ म्हणजे बायका, ‘फिर’ म्हणजे पुरुष. एक बाई ‘ब्यॅन’, पण अनेकवचन थेट ‘म्नॉ’; ‘बाईचा’ म्हणायलाही तेच रूप. नातं मात्र घरचं निघतं. वेदातल्या ‘ग्ना’ आणि ‘जनि’ या ‘ब्यॅन’च्या बहिणी. ‘फिर’चं एकवचन ‘फॅर’, तो आपल्या ‘वीर’चा भाऊ.

खरी गंमत पुढे आहे. आपण शब्दाचं शेपूट बदलतो : घोडा, घोड्याला. आयरिश भाषा शब्दाचं तोंडही बदलते. बाईआधी ‘अन’ हे इंग्रजी ‘द’सारखं उपपद आलं की ‘ब्यॅन’ची ‘व्हॅन’ होते. पुल्लिंगी ‘फॅर’ कर्ता असेल तर ढिम्म. इंग्रजीतली ‘बॅन्शी’ही याच ‘ब्यॅन’मधून आली. आपल्या हडळीसारखी ती मानगुटीवर बसत नाही, घरात कुणी मरणार असलं की आधी रडते म्हणे.

पुढच्या खेपेला हिंदीतलं ‘फिर’ आठवा आणि त्याच दारात शिरा.