घानाच्या तेलाचा हिशेब उघडा आहे, मग घोडं अडतं कुठे?

तुमचा प्रश्न असा: घानाचा तेलमहसुलाचा कायदा एवढा नावाजलेला, आकडे दर तिमाहीला वर्तमानपत्रात छापायची सक्ती, मग तिथे तेलाच्या पैशावरून ओरड का? कारण हिशेब दाखवून झाला की जाब देऊन झाला, असं आपण धरून चालतो. घानाला पहिलं बरंचसं जमलं, दुसरं अर्ध्यावर राहिलं.

घानाच्या समुद्रातल्या ज्युबिली तेलक्षेत्रात तेल 2007 मध्ये सापडलं, 2010 च्या अखेरीस उत्पादन सुरू झालं आणि 2011 मध्ये कायदा आला. तेलाच्या अंदाजित उत्पन्नातले जास्तीत जास्त 70 टक्के अर्थसंकल्पात घ्यायचे, उरलेले दोन निधींत टाकायचे: एक भाव पडला तर सावरायला, दुसरा पुढच्या पिढ्यांसाठी. खरी गंमत देखरेख समितीची आहे. तेरा सदस्य, आणि ते सरकारने आपल्या मर्जीने नेमायचे नाहीत, संघटनांनी सुचवायचे. कामगार संघटना, पत्रकार, वकील, सनदी लेखापाल, धर्मसंस्था, शिवाय पारंपरिक प्रमुख आणि 'राणीमाता' म्हणवणाऱ्या स्त्रीप्रमुखांची संघटनासुद्धा. आपल्याकडे अशी समिती निघाली तर पहिलं वर्ष अध्यक्ष कोण यातच जाईल!

ही मंडळी नुसती कागद तपासत बसत नाहीत. तेलाच्या पैशातून जो रस्ता किंवा शाळा झाली म्हणतात, तिथे जाऊन बघतात. कुठे काम अर्धवट सोडलेलं दिसतं, कुठे दाखवलेलं काम जागेवर सापडतच नाही. अहवालात तसं स्पष्ट लिहिलेलं असतं. पण पुढे काय? समितीला खटला भरायचा अधिकार नाही. सुरुवातीची काही वर्षं तर तिला धड कार्यालय आणि पैसाही नव्हता. 2015 च्या दुरुस्तीनंतर खर्चाची सोय झाली. आणखी एक पळवाट कायद्यातच आहे. सावरायच्या निधीला कमाल मर्यादा किती, ते अर्थमंत्री सुचवतात. मर्यादा खाली आणली की वरचा पैसा कर्जफेडीकडे वळवता येतो. सगळं कायदेशीर, सगळं छापील.

नायजेरियात हेच जास्त उघडं पडलं. तेल-वायू उत्पन्नाच्या पारदर्शकतेसाठी जो आंतरराष्ट्रीय उपक्रम आहे, त्याने 2011 मध्ये नायजेरियाला निकषांत बसल्याची पावती दिली. 2013 मध्ये मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर लामिदो सानुसी यांनी राष्ट्राध्यक्षांना पत्र लिहिलं, की सरकारी तेल कंपनीकडून 49.8 अब्ज डॉलर सरकारी खात्यात जमा झालेले नाहीत. आकडा नंतर त्यांनी स्वतःच 20 अब्जांवर आणला, त्यामुळे त्यांची गणितं वादातीत होती असं मी म्हणणार नाही. पण फेब्रुवारी 2014 मध्ये निलंबित झाले ते सानुसीच, मुदत संपायला चार महिने उरले असताना.

चाडबद्दलही विचारलं आहे, तर थोडक्यात. चाडमधल्या डोबाच्या तेलक्षेत्रांपासून कॅमेरूनच्या किनाऱ्यापर्यंत 1,070 किलोमीटरच्या पाइपलाइनला जागतिक बँकेने पैसा दिला, पण अट घातली: पुढच्या पिढ्यांसाठी 10 टक्के बाजूला आणि बाकीचा मोठा वाटा शिक्षण, आरोग्य वगैरेंवर. त्यासाठी चाडने केलेला 1999 चा कायदा फक्त तीन तेलक्षेत्रांना आणि रॉयल्टी-लाभांशाला लागू होता, कंपन्यांच्या आयकराला नाही. तेल वाहायच्या आधीच कंपन्यांकडून करारापोटी मिळालेल्या बोनसमधले काही दशलक्ष डॉलर शस्त्रांवर गेले. तेल 2003 मध्ये वाहू लागलं. भाव चढले, सरकारला बँकेची गरज उरली नाही, आणि कायदा बदलून पिढ्यांचा निधीच मोडीत काढला. 2008 मध्ये बँकेने हात झटकले. बाहेरून लावलेलं कुलूप कर्जाची गरज असेपर्यंतच टिकलं.

तेव्हा घानाच्या समितीचा अहवाल उघडलात तर जमेच्या रकमांत फार अडकू नका, त्या बहुधा जुळतात. सरळ प्रत्यक्ष पाहणीच्या भागाकडे जा, आणि तीच अपुरी कामं पुढच्या वर्षीच्या अहवालात पुन्हा दिसतात का, तेवढं ताडून बघा.