म्हातारा उघडला

मनू,

काल फोनवर आजी म्हणाली, "म्हातारा चार दिवस हटत नव्हता, आज जरा उघडलाय." फोन ठेवल्यावर तू विचारलंस, "बाबा, आजी आजोबांना म्हातारा म्हणते? आणि ते उघडले म्हणजे काय झालं?" मी हसतच सुटलो, उत्तर राहूनच गेलं. आज रात्रपाळीला जरा निवांत आहे, म्हणून लिहितोय.

म्हातारा म्हणजे पाऊस. आजोबा तेव्हा शेजारी बसून चहा पीत होते.

आपल्याकडे शेतकरी पाऊस नक्षत्रांवर मोजतात. सूर्य एकेका नक्षत्रात 13-14 दिवस असतो. 7-8 जूनला मृग लागतो, तेव्हा सगळ्यांचे डोळे पेरणीकडे. जुलैच्या सुरुवातीला पुनर्वसू, तो 'तरणा' पाऊस. 20 जुलैच्या सुमारास पुष्य, तो 'म्हातारा'. मघा-पूर्वाला सासवांचा आणि सुनांचा पाऊस म्हणतात. त्यातला कुठला जास्त झोडपतो, हे आजीसमोर विचारू नकोस. सप्टेंबरअखेरीस हस्ताचा, म्हणजे 'हत्तीचा' पाऊस, गडगडाट करत येणारा. पाटीवर हत्ती काढून मुली हादगा खेळतात, तो याच दिवसांत.

आता 'उघडला'. दार उघडलं की माणसं आत येतात, पाऊस उघडला की तो जातो! उघडतं खरं तर आभाळ, नाव पावसाचं होतं. अशी उघडीप मिळाली की आजी आधी दोरीवर कपडे टाकते, मग आपल्याशी बोलते. उलट, तो दिवसरात्र थांबेना की 'झड लागली'. आणि वाट बघूनही आला नाही तर 'पावसाने ओढ दिली' म्हणतात. ते म्हणताना आजोबांचा आवाज उतरतो.

इथे ग्लासगोत बाहेर पडतोय त्याला माझ्याकडे एकच शब्द आहे: पिरपिर. शाळेत जायचं नसलं की तू सकाळी करतेस, तीच. वळीव मात्र मला इथे कधी भेटला नाही. मे महिन्यात दुपारभर घाम काढायचा, मग धुळीचा लोट, टपोरे थेंब, कधी गारा, आणि अर्ध्या तासात सगळं संपलेलं. एकदा आमचं अंगण भिजलं आणि समोरच्यांचं कोरडं राहिलं. त्यांच्या मुलांनी आमच्या अंगणात येऊन गारा वेचल्या.

ऑगस्टच्या मध्याला फोन केलास की आजीला विचार, "सासवा आल्या का?" स्पीकर मात्र चालू ठेव, आजोबांनाही ऐकू दे.

तुझा,
बाबा